घंटा वाजत राहिल्या : पाओलो सार्पी आणि व्हेनिसवरची संस्कारबंदी (१६०६–०७)

२८ जानेवारी १६०६ रोजी व्हेनिस प्रजासत्ताकाच्या सिनेटने एका संन्याशाला सरकारी चाकरीत घेतले. हुद्दा धर्मशास्त्रज्ञ आणि चर्चच्या कायद्याचा सल्लागार. वय ५३. अंगावर सर्व्हाइट संघाचा, म्हणजे मारियेच्या सेवकांचा काळा झगा. नाव पाओलो सार्पी. गावात सगळे त्याला फ्रा पाओलो म्हणत. काम सांगायला एका वाक्याचे होते. पोप आपल्या राज्यावर बहिष्कार घालणार हे दिसतेच आहे, तर तो अंगावर कसा घ्यायचा ते सांगा.

सार्पीच्या आयुष्यात एका लेखात न मावणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत. तो गॅलिलिओचा मित्र होता, शरीरशास्त्रात डोके घालून बसणारा होता, प्रोटेस्टंट बंडाला उत्तर म्हणून सोळाव्या शतकात भरलेल्या ट्रेंट धर्मपरिषदेचा इतिहासकार होता. इथे मात्र नेमणुकीपासून एप्रिल १६०७ पर्यंतचे पंधरा महिने आणि त्यांची शेपटी एवढेच प्रकरण घेतले आहे. माझे मत आधीच मांडून ठेवतो. सार्पी जिंकला तो ग्रंथांच्या जोरावर नव्हे. आधी काय करायचे आणि मग काय बोलायचे, हा क्रम त्याला बरोबर कळला होता. ग्रंथ नंतर आले, आणि जिंकलेल्या जागेवर कुंपण घालण्याच्या कामी आले.

माणूस

जन्म १४ ऑगस्ट १५५२, व्हेनिस. वडील व्यापारी, पण व्यापारात यश नाही. मुलगा लहान असतानाच गेले. आईचा भाऊ धर्मगुरू होता आणि शाळा चालवायचा, तिथे सार्पीचे पहिले शिक्षण झाले. पुढे एका सर्व्हाइट गुरूकडे तर्क आणि तत्त्वज्ञान शिकता शिकता वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास तो त्याच संघात शिरला. पोरगा विलक्षण होता. विशीत येण्याआधीच मांतुआचा ड्यूक गुलियेल्मो गोंझागा याने त्याला दरबारी धर्मशास्त्रज्ञ करून घेतले. २७ व्या वर्षी तो संघाच्या व्हेनिस प्रांताचा प्रमुख झाला. आजूबाजूला पांढऱ्या दाढ्यांचे साधू असताना हे पद मिळणे ही साधी गोष्ट नव्हती.

या प्रकरणासाठी महत्त्वाची आहेत ती १५८५ ते १५८८ ही तीन वर्षे. या काळात सार्पी संघाचा मुखत्यार म्हणून रोममध्ये होता. पोपचा दरबार त्याने बाहेरून नाही, कचेऱ्यांच्या दारांतून पाहिला. कुठला कागद कुणाच्या टेबलावर अडतो, धमकी कधी खरी असते आणि कधी नुसती सौदा वाढवण्यासाठी असते, हे तिथेच कळते. जेझुइट, म्हणजे येशू संघाचा, पंडित रोबेर्तो बेल्लार्मिनो याच्याशी त्याची ओळखही रोममध्येच झाली. पुढे कागदावरच्या लढाईत हाच बेल्लार्मिनो, आता कार्डिनल झालेला, समोर उभा राहणार होता.

त्याच्या विरोधकांना कायम हाताशी लागणारा एक तपशील सांगायलाच हवा. १६०० च्या सुमारास एखाद्या लहानशा बिशपपदासाठी सार्पीचे नाव पुढे केले गेले आणि रोमने ते नाकारले. त्याच्या बोलण्यात पाखंडाचा वास येतो, अशा तक्रारी गेल्या होत्या. पुढचे सगळे त्या अपमानाचा सूड होता असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला ते पटत नाही. सूड घेणारा माणूस घाई करतो, आणि सार्पीच्या या प्रकरणातल्या कागदांत घाई कुठे सापडत नाही. डंख राहिला असेल. तो कोणाला राहणार नाही?

भांडण कशावरून

वरवर पाहिले तर दोन कैदी आणि दोन कायदे.

कायदे आधी. जानेवारी १६०४ मध्ये व्हेनिसने ठरवले की सरकारच्या परवानगीशिवाय नवे चर्च, मठ, इस्पितळ बांधायचे नाही. २६ मार्च १६०५ रोजी दुसरा कायदा आला. जमीनजुमला कायमचा चर्चच्या नावे करण्यावर खुद्द व्हेनिस शहरात आधीपासूनच बंदी होती, ती आता मुख्य भूमीवरच्या सगळ्या मुलखाला लागू झाली. कारण सरळ होते. मरताना माणूस पुण्यासाठी शेत मठाला देतो. मठ मरत नाही, शेत विकत नाही, आणि त्या शेतावरचा कर सवलतींत अडकतो. अशी दोन-तीनशे वर्षे गेली की राज्याच्या पायाखालची जमीन हळूहळू राज्याची उरत नाही.

कैद्यांपैकी एक होता विचेंझाचा चर्चमधला अधिकारी शिपियोने साराचेनी. त्याच्यावर नात्यातल्याच एका घरंदाज बाईच्या मागे लागून तिची बेअब्रू केल्याचा आणि सरकारी सील तोडल्याचा आरोप होता. दुसरा नेर्वेसाचा मठाधिपती, सरदार घराण्यातला मार्कान्तोनियो ब्रांदोलिनो. त्याच्यावर खुनापर्यंतचे आरोप होते. दोघांना व्हेनिसच्या सरकारने पकडले. रोमचे म्हणणे असे की धर्मगुरू कितीही नालायक असला तरी त्याचा न्याय चर्चच्याच न्यायालयात व्हायचा. हे दोन गृहस्थ वाचवण्याच्या लायकीचे होते असे रोममध्येही कोणी म्हणत नव्हते. प्रश्न एवढाच होता की बेडी घालणारा हात कोणाचा.

असल्या भानगडी आधीही झाल्या होत्या आणि पडद्याआड मिटल्या होत्या. या वेळी माणसे तशी जुळून आली. मे १६०५ मध्ये कामिल्लो बोर्गेझे पाचवा पॉल म्हणून पोप झाला. तो कायद्याचा माणूस, अक्षर न् अक्षर धरणारा. जानेवारी १६०६ मध्ये व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे दोजे, म्हणून लेओनार्दो दोना निवडून आला. तोही तितकाच ताठ. दोघांची एक जुनी गोष्ट सांगतात. दोना रोममध्ये व्हेनिसचा वकील, म्हणजे राजदूत, असताना बोर्गेझे त्याला म्हणाला, मी पोप असतो तर व्हेनिसवर बहिष्कार घातला असता. दोना म्हणाला, मी दोजे असतो तर तुमच्या बहिष्काराला हसलो असतो. गोष्ट नंतर रचलेली असू शकेल. स्वभाव मात्र दोघांचेही तंतोतंत उतरले आहेत.

हत्यार

एका माणसाला धर्माबाहेर काढणे आणि एका मुलखावर संस्कारबंदी घालणे, या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिलीत दोष असलेला एकटा भोगतो. दुसरीत सगळा मुलूख भोगतो. चर्चची दारे बंद, जाहीर मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, नाही, लग्ने नाहीत, मेलेल्याला पवित्र भूमीत जागा नाही, घंटा नाही. तान्ह्याचा स्नानसंस्कार आणि मरणाऱ्याचे पापनिवेदन एवढी सूट सहसा असे. आपल्याकडे एखाद्या घराला वाळीत टाकत, इथे अख्खे राज्य वाळीत टाकायचे. त्यामागचा हिशेब नाक दाबले की तोंड उघडते, हाच. पोपकडे व्हेनिसच्या आरमाराला पुरे पडेल असे सैन्य नव्हते. पण पोराचे लग्न अडलेला कोळी, बापाला मूठमाती देता येत नाही म्हणून रडणारी बाई ही पोपची फौज होती. ती सिनेटच्या दारात उभी राहिली की सिनेट वाकते.

आणि ती वाकल्याचे दाखले होते. १३०९ मध्ये फेर्रारा शहरावरून पाचव्या क्लेमेंटने व्हेनिसला असेच वाळीत टाकले, तेव्हा परमुलखातला व्हेनिसचा माल लुटला गेला आणि अखेर शरण जावे लागले. व्हेनिसचा वकील गळ्यात साखळी घालून पोपच्या पायाशी गेला, अशी दंतकथा मागे राहिली. १५०९ मध्ये दुसऱ्या जुलियसने बंदी घातली ती युरोपातल्या बड्या सत्तांच्या युतीसोबत. फेब्रुवारी १५१० मध्ये व्हेनिसचे दूत रोमला सेंट पीटरच्या दाराशी सगळ्यांसमोर गुडघे टेकून क्षमा मागत होते. ही आठवण १६०६ च्या सिनेटमध्ये ताजी होती; कुणाकुणाच्या आजोबा-पणजोबांनी ती पाहिली होती.

सल्ला

सार्पीने नेमणुकीच्या वेळीच जे लेखी मत दिले त्याचा गाभा दोन शब्दांत मावतो. बहिष्काराच्या विजेवर दोन उपाय आहेत, एक कृतीचा आणि एक कायद्याचा. कृतीचा म्हणजे तो हुकूम राज्यात प्रसिद्धच होऊ द्यायचा नाही आणि त्याची अंमलबजावणी जोर लावून रोखायची. कायद्याचा म्हणजे पोपच्या वर असलेल्या सार्वत्रिक धर्मपरिषदेकडे दाद मागायची. आणि त्याचा कल पहिल्याकडे होता.

सिनेटचे जुने कायदेपंडित दुसऱ्या रस्त्याने गेले असते, कारण तोच वळणाचा होता. अपील करा, मुदत मागा, कागदाला कागद लावा. पण या रस्त्यात खड्डा होता. १४६० मध्ये दुसऱ्या पायसने पोपच्या निकालावर परिषदेकडे अपील करणे हाच गुन्हा ठरवून त्याला बहिष्काराची शिक्षा लावली होती. म्हणजे एका बहिष्कारावर उपाय करायला जाऊन दुसरा ओढवून घ्यायचा. शिवाय अपील करणारा हे मान्य करून बसतो की खाली झालेला निकाल हा निकालच होता. आणि परिषद भरवणार कोण? पोपच. ती भरेपर्यंत चर्चची दारे बंद राहिली असती आणि पोपची फौज रस्त्यावर आली असती.

सार्पीने पाहिले ते हे की संस्कारबंदीला स्वतःचे हातपाय नसतात. ती राबवायला गावोगावचा धर्मगुरू लागतो. त्याने रविवारी नेहमीसारखी मिस्सा म्हटली, घंटा वाजवली, मढे पुरले, तर बंदी आहे हे लोकांना कळायचे कसे? रोममध्ये काढलेला हुकूम व्हेनिसच्या मुलखात पोचलाच नाही, तर तो रोममधल्या दारावर लावलेला एक कागद.

याच्या पाठीशी धर्मशास्त्र उभे होतेच, आणि ते त्याने हलके धरले नव्हते. राजसत्ता थेट देवाकडून येते, पोपच्या हातून नव्हे. पोपचा अधिकार आत्म्याच्या बाबतीत, जमीन आणि फौजदारी यांत नाही. अन्यायाने दिलेला बहिष्कार बांधत नाही, आणि तो मुकाट मानणे हीच उलट चूक. तरी लक्षात ठेवायचे ते हे की शास्त्र इथे दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्यावर आहे घंटेची दोरी.

राबवणूक

१७ एप्रिल १६०६ रोजी पोपने अखेरची सूचना काढली. २४ दिवसांत कायदे मागे घ्या, कैदी द्या, नाहीतर सिनेट धर्मबहिष्कृत. त्यावर आणखी तीन दिवस, मग सगळ्या मुलखावर संस्कारबंदी.

व्हेनिस मुदत संपायची वाट पाहत बसले नाही. धर्मगुरूंना आणि मठांना हुकूम गेले की रोमहून येणारा कुठलाही लखोटा फोडायचा नाही, जसाच्या तसा सरकारी अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा. चर्चच्या दारांवर कोणी रातोरात कागद डकवू नये म्हणून पहारे बसले. ६ मे रोजी दोनाच्या नावाने एक जाहीरनामा निघाला, राज्यातल्या बिशपांना, मठाधिपतींना आणि धर्मगुरूंना उद्देशून. पोपचा हुकूम अन्याय्य आहे, म्हणून तो रद्दबातल आहे; ऐहिक बाबतीत आम्ही देवाशिवाय कोणाला वरिष्ठ मानत नाही; तुम्ही नेहमीसारखी सेवा चालू ठेवा. त्यात आवाज चढलेला नाही. आपण भक्त कॅथलिक आहोत, हे पदोपदी सांगितलेले आहे. चूक पोपची, चर्चची नाही, ही रेघ सार्पीने शेवटपर्यंत पुसू दिली नाही.

जमिनीवर हे किती गोडीने चालले आणि किती दांडगाईने, हे दोन गोष्टींवरून कळते. दोन्ही तेव्हापासून सांगितल्या जातात, म्हणून त्यांच्या अक्षराला धरू नये. पादुआत बिशपच्या एका कारभाऱ्याने सरकारी अधिकाऱ्याला सांगितले, पवित्र आत्मा मला जशी प्रेरणा देईल तसे मी करीन. अधिकारी म्हणाला, पवित्र आत्म्याने दहांच्या मंडळाला, म्हणजे राज्याची सुरक्षा पाहणाऱ्या मंडळाला, आधीच प्रेरणा दिली आहे की न ऐकणाऱ्याला फासावर चढवावे. दुसरीकडे एका धर्मगुरूने चर्चला कुलूप लावले, आणि सकाळी उठून पाहतो तो दारासमोर फाशीचा खांब. कुलूप निघाले.

व्हेनिसची धर्मस्वातंत्र्याची लढाई म्हणून हे प्रकरण पुढे गायले गेले. गाणाऱ्यांनी हा खांब सहसा चित्राबाहेर ठेवला. सार्पीच्या 'कृतीच्या उपाया'चा अर्थ हाच होता, आणि तो त्याला ठाऊक नव्हता असे मानायला जागा नाही. साध्या खेड्यातल्या धर्मगुरूपुढे दोन भीती होत्या, एक परलोकाची आणि एक चौकातली. चौकातली जवळ होती.

ज्यांनी ऐकले नाही त्यांत जेझुइट आघाडीवर. आम्ही राहू, प्रवचन करू, पण जाहीर मिस्सा नाही, असा त्यांचा पवित्रा होता. सिनेटने अर्धे आज्ञापालन चालणार नाही असे सांगून त्यांना जायला लावले. मे महिन्यातल्या एका रात्री ते गळ्यात क्रूस अडकवून नावांत बसले, आणि काठावरच्या गर्दीने त्यांना शिव्याशाप देऊन निरोप दिला. थिएटाइन आणि कापुचिन या संघांचे साधूही गेले. व्हेनिसमधून हाकलले गेलेल्या याच जेझुइट संघाचे थॉमस स्टीफन्स त्या वर्षांत गोव्यात साष्टीला होते. मराठी ओव्यांतले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. त्या संघाची एकच बाजू पाहणे आपल्याला तरी सोयीचे नाही.

२५ मे १६०६ ला ख्रिस्तदेहाचा सण होता. संस्कारबंदी खरोखर लागू असती तर त्या दिवशी शहरात शुकशुकाट हवा होता. त्याऐवजी सरकारने डोळे दिपतील अशी मिरवणूक काढली. सिझरचे सिझरला द्या, म्हणजे राज्याचे राज्याला द्या, या अर्थाचे देखावे तिच्यात होते. इंग्लंडचा वकील हेन्री वॉटन ती पाहून खूश झाला. मला ही मिरवणूक सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. बंदी आहे की नाही हा वाद विद्वानांनी घालत बसावा. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला मेणबत्त्या, धूप आणि घंटा दिसत होत्या, ऐकू येत होत्या.

कागदाची लढाई

आता ग्रंथ. सार्पीने सुरुवात स्वतःच्या लेखणीने केली नाही. पॅरिस विद्यापीठाचा कुलगुरू जां जेर्सों १४२९ मध्ये वारलेला. त्याच्या भक्तीबद्दल रोममध्येही कोणी ब्र काढत नव्हते. अन्याय्य बहिष्कार बांधतो का, या विषयावरचे त्याचे दोन जुने निबंध सार्पीने इटालियनमध्ये आणून निनावी प्रस्तावनेसह छापले. चाल सुंदर होती. उत्तर द्यायचे तर रोमला एका दिवंगत साधुपुरुषाशी भांडावे लागणार. बेल्लार्मिनो त्यात उतरला, आणि मग त्याला उत्तर म्हणून सार्पी स्वतःच्या नावाने पुढे आला. त्याच्यासकट सात धर्मशास्त्रज्ञांचा संस्कारबंदीवरचा एक प्रबंधही निघाला. पाहता पाहता युरोपभर पत्रके, प्रतिपत्रके उडू लागली.

या लिखाणाने रोमचे मन वळले नाही. तसे कधीच होत नसते. त्याचा उपयोग दोन ठिकाणी झाला. मुलखातल्या घाबरलेल्या धर्मगुरूला रात्री झोपताना सांगायला एक कारण मिळाले: मी पोपला नाही, अन्यायाला नाकारतो. आणि फ्रान्ससारख्या कॅथलिक दरबारांना व्हेनिसकडे पाखंडी म्हणून पाहणे अवघड झाले.

ऑक्टोबर १६०६ मध्ये रोमच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंडाचा तपास करणाऱ्या धर्मन्यायालयाने, सार्पीला हजर राहायला फर्मावले. त्याने लेखी कळवले की येणे शक्य नाही. जानेवारी १६०७ मध्ये तो धर्मबहिष्कृत ठरला. झगा त्याने उतरवला नाही, मठ सोडला नाही, मिस्सा म्हणणे थांबवले नाही.

मांडवली

१६०७ उजाडले तेव्हा हातघाईची वेळ जवळ आली होती. मिलानमध्ये स्पेनचा सुभेदार फ्युएंतेस पोपच्या बाजूने फौज जमवत होता, व्हेनिसही भरती करत होते. लढाई दोघांनाही परवडणारी नव्हती, आणि इटलीत स्पेन आणखी फोफावणे फ्रान्सच्या चौथ्या आंरीला नको होते. त्याच्या वतीने कार्डिनल द झ्वायोझ मध्यस्थीला आला.

२१ एप्रिल १६०७ ची सकाळ म्हणजे राजनैतिक नाटकाचा वस्तुपाठ. व्हेनिसच्या सिनेटच्या सचिवाने दोन्ही कैदी फ्रान्सच्या वकिलाच्या स्वाधीन केले. नोटरी समोर बसवला होता, आणि बोललेले शब्द ठरलेले होते: हे आम्ही फ्रान्सच्या राजाला भेट म्हणून देतो आहोत, धर्मगुरूंचा न्याय करण्याच्या आमच्या हक्काला यामुळे बाध येत नाही. वकिलाने लगेच ते कार्डिनलकडे सोपवले. व्हेनिसने पोपला काही दिले नाही, पोपला मात्र ते मिळाले. मग कार्डिनलने दोजेसमोर बंदी उठल्याचे सांगितले, आणि मेमधला जाहीरनामा मागे घेतल्याचा कागद त्याच्या हाती दिला गेला.

क्षमाविधीला व्हेनिस तयार नव्हते. आम्ही चुकलोच नाही, तर माफी कसली? रोमच्या बाजूने नंतर सांगितले गेले की कार्डिनलने झग्याच्या आत हात हलवून क्रूसाची खूण केली आणि गुपचूप पापमुक्ती देऊन टाकली. खरे असो नसो, १५१० साली सेंट पीटरच्या दाराशी गुडघे टेकलेल्या राज्याला १६०७ मध्ये क्षमा द्यायची तर ती झग्याच्या आत द्यावी लागली, हा फरक डोळ्यांत भरतो. बंदी उठल्याच्या आनंदात घंटा वाजवायलाही सिनेट राजी नव्हते. वाजवल्या असत्या तर त्या आधी थांबल्या होत्या असा अर्थ निघाला असता.

कायदे कायम राहिले. जेझुइटांना परत घ्या ही पोपची मागणी व्हेनिसने फेटाळली. पण धर्मगुरूंवर खटला चालवायचा हक्क नेमका कोणाचा, हा मूळ प्रश्न कुठल्याही कागदावर सुटला नाही. ताकाला जाऊन भांडे दोघांनीही लपवले. सार्पीच्या शत्रूंनी त्याला हरलेला म्हटले नाही आणि त्याने स्वतःला जिंकलेला म्हटले नाही. त्याच्या मनात याहून खोल काहीतरी होते, पोपची राजकीय सत्ता मुळापासून छाटण्याचे, आणि दोजेच्या महालातल्या म्हाताऱ्यांना तिथवर जायचे नव्हते. त्यांना राज्य चालवायचे होते. सल्लागाराची मर्यादा इथे दिसते. धोरण किती पुढे न्यायचे हे ठरवणारा तो नव्हता.

सुरी

समझोत्याला सहा महिने व्हायचे होते. ५ ऑक्टोबर १६०७ च्या संध्याकाळी सार्पी महालातले काम आटोपून मठाकडे परतत होता. सोबत मठातला एक सेवक-बंधू आणि एक वयस्क उमराव, एवढेच. सांता फोस्काच्या पुलाजवळ मारेकऱ्यांनी गाठले. सपासप वार झाले, त्यांतले बरेचसे कपड्यांवर गेले. दोन मानेत लागले आणि एक कानाजवळून घुसून गालाच्या हाडापर्यंत गेला. सुरा तिथेच अडकून राहिला.

उपचाराला पादुआचा नामांकित शरीरशास्त्रज्ञ फाब्रिची आला, सार्पीचा जुना मित्र. इतकी वेडीवाकडी जखम पाहिली नाही, असे तो म्हणाला तेव्हा सार्पी उत्तरला, आणि तरी लोक म्हणतात की ही रोमच्या दरबाराच्या स्टाइलने केलेली आहे. सुऱ्यासाठी आणि शैलीसाठी लॅटिनमध्ये एकच शब्द आहे. जबड्याजवळ हाडाला छेद गेलेला असताना कोटी सुचणारा माणूस विरळा. मारेकरी पोपच्या राज्यात पळाले आणि तिथे त्यांना काही काळ थारा मिळाला. हुकूम कोणाचा होता हे कागदावर सिद्ध झाले नाही. सार्पी वाचला, तो सुरा त्याने मठाच्या चर्चमध्ये क्रूसापाशी टांगला. १६०९ मध्ये मठातल्याच माणसांना हाताशी धरून पुन्हा एक कट शिजला आणि उघडकीला आला. सिनेटने त्याला महालाजवळ घर देऊ केले होते, त्याने घेतले नाही. मठातल्या आपल्या खोलीतच राहिला.

सात धर्मशास्त्रज्ञांमध्ये फुल्जेन्झियो मानफ्रेदी नावाचा एक फ्रान्सिस्कन होता. अभयपत्र मिळाले म्हणून तो १६०८ मध्ये रोमला समेटाला गेला. जुलै १६१० मध्ये कांपो दे फियोरीच्या चौकात त्याला फाशी देऊन जाळण्यात आले. तिथेच दहा वर्षांपूर्वी पाखंडी ठरवलेला तत्त्वज्ञ जॉर्दानो ब्रूनो जळला होता. रोमच्या शब्दावर विसंबायचे नाही, हा सार्पीचा हिशेब भ्याडपणाचा होता की शहाणपणाचा, याचे उत्तर मानफ्रेदीच्या राखेने दिले.

हिशेब

त्यानंतरची सार्पीची सोळा वर्षे त्याच नोकरीत गेली. सरकारचे गुप्त दप्तर त्याला खुले होते, आणि दिवसचे दिवस तो मतपत्रे लिहीत बसे. ट्रेंट परिषदेचा त्याचा इतिहास १६१९ मध्ये लंडनला छापला गेला, मुखपृष्ठावर नाव पिएत्रो सोआवे पोलानो. 'व्हेनिसचा पाओलो सार्पी' या इटालियन शब्दांची अक्षरे हलवून केलेले नाव ते. रोमने तो ताबडतोब निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकला. इंग्रजांनी, विशेषतः वॉटन आणि त्याचा धर्मगुरू बेडेल यांनी, आशा धरली होती की हा माणूस व्हेनिसला प्रोटेस्टंट करील. त्याने त्यांच्याशी मैत्री ठेवली, फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांशी पत्रव्यवहार ठेवला, पण पाऊल उचलले नाही. त्याच्या खाजगी टिपणांवरून काही अभ्यासक म्हणतात की त्याचा देवावरच विश्वास नव्हता. काहींना तो जुन्या, साध्या चर्चसाठी तळमळणारा भक्त दिसतो. १५ जानेवारी १६२३ रोजी तो गेला तेव्हा ओठांवर 'एस्तो पेर्पेतुआ', चिरंजीव हो, असे शब्द होते म्हणतात. ते राज्याला उद्देशून होते असे त्याच्या चाहत्यांनी मानले, चर्चला म्हणावे तर तेही जमते.

सिनेटने त्याचे स्मारक करायचे ठरवले. रोमने नाराजी कळवली आणि ठराव फडताळात गेला. पुतळा उभा राहिला तो १८९२ मध्ये, सांता फोस्काच्या चौकात, तेव्हा ना प्रजासत्ताक उरले होते ना पोपचे राज्य.

आणि जेझुइट? ज्या मागणीवर १६०७ मध्ये व्हेनिस तसूभर हलले नव्हते, ती १६५७ मध्ये मान्य झाली. क्रीट बेटासाठी तुर्कांशी युद्ध चालू होते, तिजोरी रिकामी होत होती आणि पोपच्या मदतीची निकड होती. या वेळी कुणी संस्कारबंदी घातली नव्हती, सल्ला द्यायला सार्पी नव्हता, आणि घंटेच्या दोरीला कोणी हातही लावला नाही. सिनेटने मतदान केले आणि दार उघडले.